'प्रत्याहार'मधला आहार

प्रश्न असा आहे: योगाच्या वर्गात 'प्रत्याहार म्हणजे इंद्रियांचा उपवास' असं सांगितलं गेलं. शब्दात 'आहार' तर दिसतोच आहे, मग ही व्युत्पत्ती खरी मानायची का? तसं असेल तर संस्कृतच्या तासाला शिकलेल्या अच्, हल् यांनाही 'प्रत्याहार' का म्हणतात? आणि मराठीत लिहिताना त्याऐवजी सरळ 'इंद्रियनिग्रह' लिहिलं तर चालेल का?

फोड बरोबर आहे. प्रति + आहार, संधी होऊन प्रत्याहार. (म्हणून 'प्रत्यहार' हे अधूनमधून दिसणारं रूप चूक, काना हवाच.) पण इथला आहार ताटातला नाही. मूळ धातू 'हृ', म्हणजे नेणे, आणणे. या धातूची गंमत सांगणारा वैयाकरणांचा एक जुना श्लोकच आहे: 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥' उपसर्ग धातूच्या अर्थाला जबरदस्तीने भलतीकडे ओढून नेतो. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार बघा. 'आ' लागला की जवळ आणणे, आत घेणे. आपण आत घेतो त्यातली एक गोष्ट अन्न, म्हणून त्याला आहार हे नाव पडलं. त्याआधी 'प्रति' आला की दिशा उलटते: बाहेर गेलेलं परत आणणे, मागे घेणे.

तरी तुमच्या शिक्षकांना अगदीच खोटं पाडता येणार नाही. छांदोग्य उपनिषदात 'आहारशुद्धौ सत्त्वशुद्धिः' असं वचन आहे (७.२६.२). शंकराचार्य तिथे आहाराचा अर्थ अन्न असा घेत नाहीत. जे आत आणलं जातं तो आहार, म्हणजे शब्द, रूप वगैरे विषयांचं ज्ञान, असं ते म्हणतात. कानांनी काय खाल्लं, डोळ्यांनी काय खाल्लं, हाही आहारच. त्या अर्थाने इंद्रियांचा उपवास म्हणता येईल. अडचण पुढे आहे. गीतेत दुसऱ्या अध्यायात 'विषया विनिवर्तन्ते निराहारस्य देहिनः' म्हणून झाल्यावर लगेच 'रसवर्जम्' असा शब्द येतो (२.५९). निराहार राहणाऱ्याचे विषय सुटतात, त्यांची गोडी सुटत नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी दुप्पट खाणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नसावी.

पतंजलींची व्याख्या उपाशी ठेवण्याची नाहीच. 'स्वविषयासम्प्रयोगे चित्तस्वरूपानुकार इवेन्द्रियाणां प्रत्याहारः' (योगसूत्र २.५४). इंद्रियांचा आपापल्या विषयांशी संबंध उरत नाही तेव्हा ती जणू चित्ताच्याच रूपाची नक्कल करतात, तो प्रत्याहार. यातला 'अनुकार' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. डोळ्याला, कानाला, जिभेला वेगवेगळं दाबत बसायचं नाही. चित्त थांबलं की ती थांबतात. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यातला दाखला मधमाश्यांचा आहे: मधुकरराज उडाला की माश्या त्याच्यामागे उडतात, तो बसला की बसतात. (राजा की राणी हा वाद इथे नको.) योगाच्या आठ अंगांमध्ये प्रत्याहार पाचवा. त्याच्या आधी यम, नियम, आसन, प्राणायाम; नंतर धारणा, ध्यान, समाधी. बाहेरचं आवरणं आणि आतलं सुरू होणं यांच्या मधला तो उंबरठा.

गीतेतलं कासव सगळ्यांना आठवतं, पण त्या श्लोकात 'प्रत्याहार' शब्द नाही, तिथे 'संहरते' आहे (२.५८). धातू तोच, उपसर्ग वेगळा. ज्ञानेश्वरांनी त्या श्लोकावर लिहिलं: 'कां कूर्म जियापरी । उवाइला अवेव पसरी । ना तरी इच्छावशें आवरी । आपुले आपण ॥' 'उवाइला' म्हणजे आनंदात, खुशीत आलेला. हे कासव भ्यालेलं नाही. वाटलं तर पसरतं, वाटलं तर आवरतं. मला विचाराल तर प्रत्याहाराला 'आवरणे' याच्याइतकं चपखल मराठी क्रियापद दुसरं नाही. पसारा आवरतो, रडू आवरतो, हात आवरता घेतो. प्रत्येक ठिकाणी पसरलेलं परत जागेवर आणणं आहे.

प्रत्यक्ष 'प्रत्याहार' हा शब्द ज्ञानेश्वरीत सहाव्या अध्यायात येतो, तोही डोंगर चढण्याच्या रूपकात. यमनियमांचा तळ, आसनाची पाऊलवाट, प्राणायामाची चढण, आणि मग: 'मग प्रत्याहाराचा अधाडा । जो बुद्धीचियाही पाया निसरडा । जेथ हटिये सांडिती होडा । कडेलग ॥' अधाडा म्हणजे तुटलेला, सरळ उभा कडा. बुद्धीचाही पाय तिथे घसरतो, आणि हट्टाने चढणारे हठयोगी तिथे आपली पैज सोडून देतात. सह्याद्रीतल्या एखाद्या कड्याखाली उभं राहून ही ओवी वाचावी. त्यावर उपाय पुढच्याच ओवीत दिला आहे: अभ्यासाच्या बळावर वैराग्याची नखं 'ढाळें ढाळें', म्हणजे हळूहळू, रुततील.

व्याकरणातला प्रत्याहार याच अर्थाचा भाऊ आहे. पाणिनीच्या व्याकरणातली वर्णांची यादी म्हणजे चौदा माहेश्वर सूत्रं. त्यांत पसरलेले वर्ण दोन अक्षरांत आवरून घ्यायचे: पहिला वर्ण आणि सूत्राच्या शेवटचं खुणेचं व्यंजन. अच् म्हटलं की सगळे स्वर, हल् म्हटलं की सगळी व्यंजनं. ज्याला आपण पाय मोडलेलं अक्षर म्हणतो तो 'हलन्त' इथलाच.

आता निग्रह. हा शब्द 'ग्रह', म्हणजे पकडणे, यावरून आला आहे. त्यात जोर आहे, झटापट आहे. गीताच विचारते, 'निग्रहः किं करिष्यति' (३.३३). प्राणी आपल्या प्रकृतीप्रमाणे जातात, तिथे निग्रह काय करणार? म्हणून प्रत्याहाराला निग्रह लिहू नये. वेदान्तातला 'दम', म्हणजे बाहेरच्या इंद्रियांवरचा ताबा, सांगायचा असेल तर निग्रह खुशाल लिहा.

भक्तिग्रंथांत तर मागे आणलेली इंद्रियं ठेवायची कुठे, हेही सांगितलेलं असतं. भागवतात कपिल मुनी आपल्या आईला, देवहूतीला, योगाची अंगं सांगतो, त्यात हा प्रत्याहार येतो: इंद्रियांना विषयांतून मनाने काढून 'हृदि', हृदयात आणणे (३.२८.५). त्यानंतरचं ध्यान भगवंताच्या पायांपासून सुरू होऊन अवयवा-अवयवाने वर, हसऱ्या मुखापर्यंत जातं. तुकोबांनी इंद्रियांना गप्प बसवलंच नाही, कामाला लावलं: 'तुम्ही घ्या रे डोळे सुख । पाहा विठोबाचें मुख ॥ तुम्ही ऐका रे कान । माझ्या विठोबाचे गुण ॥' पतंजलींच्या व्याख्येत हे बसणार नाही, कारण विषय सुटलेला नाही, बदलला आहे. वारकरी याला प्रत्याहार म्हणतही नाहीत.

वाक्यात वापरताना एवढं पाहा: ध्यान लागतं, समाधी लागते, अगदी झोप लागते तशी. प्रत्याहार मात्र लागत नाही. तो करावा लागतो किंवा साधतो.