नाटकाचा सिनेमा अभ्यासायचाय ना, मग आधी ती कडी बघ

प्रिय पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. प्रबंधाला नाटकांवरून झालेले सिनेमे हा विषय घेतलास, मला फार आनंद झाला. पण सोबत आराखडा पाठवलायस त्यात प्रत्येक चॅप्टरच्या शेवटी तोच प्रश्न येतोय, सिनेमा मूळ नाटकाशी प्रामाणिक राहिला का. तो काढून टाक. त्याचं उत्तर फार तर हो, नाही, थोडाफार एवढंच येतं आणि मग पानं भरायला पोरं कथानक लिहीत बसतात, मी असे ढीगभर प्रबंध तपासलेत. त्याऐवजी हे विचार, की नाट्यगृहात जे काम प्रेक्षक स्वतः करत होता ते सिनेमात आता कोण करतंय?

सुरुवात 'शांतता! कोर्ट चालू आहे' पासून कर. विजय तेंडुलकरांचं नाटक, 1967 ला रंगायन या नाट्यसंस्थेनं केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे आणि नायिका बेणारे म्हणजे सुलभा देशपांडे. एक हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला खेळते, बेणारेला आरोपी करते आणि खेळता खेळता तिचं खरं खासगी आयुष्यच चव्हाट्यावर आणते. मग 1971 ला सत्यदेव दुबेंनी सिनेमा केला, कॅमेऱ्यावर गोविंद निहलानी, आणि बेणारे पुन्हा सुलभाताईच. अभ्यासाला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही बघ, कारण नटी तीच आहे, म्हणजे जो फरक दिसेल त्यातला बराचसा माध्यमानं केलेला.

यातली दाराची कडी धर. पहिल्या अंकात बेणारे हॉलमध्ये येते तेव्हा त्या कडीत तिचं बोट चेमटतं, त्या गावातला सामंत तिला सांगतो की ही कडी नीट सरकवली नाही तर दार बाहेरून बंद होतं, आणि हे सगळं इतक्या सहज हसत-बोलत होतं की आपण विसरूनही जातो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी खेळ तिच्या अंगावर आल्यावर ती पिशवी उचलून निघते आणि दार उघडत नाही. कॉलेजात असताना आम्ही हे नाटक केलं तेव्हा मी बॅकस्टेजला होतो, ती कडी माझ्याकडे होती. तालमीत लक्षात आलं की पाचव्या-सहाव्या रांगेच्या मागे कुणालाच कडी दिसत नाही, दिसतात फक्त बेणारेचे खांदे, म्हणून मी दाराच्या मागे लोखंडी पट्टी ठोकली, म्हणजे बेणारे दार ओढायला लागली की खट्ट असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा. प्रयोगाला तो आवाज आला आणि हॉल एकदम गप्प झाला. प्रेक्षकांनी कडी बघितली नव्हती, ऐकली होती, आणि पहिल्या अंकातलं ते बोट त्यांनी स्वतःच आठवून तिथे आणून जोडलं होतं.

कॅमेरा कडीच्या चार इंचावर जाऊ शकतो. मग आठवायचं ते काम प्रेक्षकाकडे राहतं का, की क्लोजअप त्याच्या हातातून काढून घेतो? दुबेंच्या सिनेमात हे दोन प्रसंग शोध, शॉट कुठून घेतलाय, कडी दिसते की चेहरा, आवाज किती मोठा आहे, सगळं वहीत लिही. उत्तर मी सांगणार नाही, तू बघून मला सांग.

तसंच शेवटचं स्वगत. खेळात न्यायाधीश झालेले काशीकर आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात आणि त्या दहा सेकंदात बेणारे जे बोलते ते आमच्या प्रयोगात पाच मिनिटांच्या वर जायचं. बाकीचे जिथल्या तिथे गोठलेले. रंगमंचावर हे कुणाला खटकत नाही, दिवा बदलला की घड्याळ थांबलं हे आपण मान्य करतो, पण सिनेमातला काळ फार हट्टी असतो, तिथे बाजूला माणसं पुतळ्यासारखी उभी ठेवली तर ती लगेच उभी ठेवलेली दिसतात. ती हे खरंच बोलली की आतल्या आत, आणि कोर्टानं ते ऐकलं का, हा प्रश्न नाटकाला उघडा ठेवता येतो. सिनेमाला कुठला ना कुठला शॉट घ्यावाच लागतो. या एका जागेवर तू अख्खा चॅप्टर लिहू शकतेस, लिहीच.

दुसरं उदाहरण 'नटसम्राट' घे, पण तुझ्या यादीत आहे तसं नाटकातले श्रीराम लागू श्रेष्ठ की सिनेमातले नाना पाटेकर या वाटेनं जाऊ नकोस, तिथे नुसतं भांडण आहे. 1970 च्या नाटकात निवृत्त नट गणपतराव बेलवलकर सत्काराला उत्तर देतात तेव्हा समोरचे आपणच त्या सत्काराचे प्रेक्षक असतो, तिकीट काढून आलेला माणूस नकळत नाटकात पात्र होतो. पडद्यावर सभागृह दाखवायचं तर खुर्च्यांवर वेगळी माणसं बसवावी लागतात आणि आपण बाहेर पडतो. आता 2016 च्या सिनेमातला त्यांचा नटमित्र रामभाऊ बघ, विक्रम गोखलेंनी केलेला. शिरवाडकरांच्या नाटकात हे पात्रच नाही. लोक म्हणतात दोन मोठ्या नटांची जुगलबंदी हवी म्हणून आणलं, असेलही, पण मला वाटतं त्याचं खरं काम वेगळं आहे, गणपतरावांना ऐकणारा कुणीतरी हवा होता. नाट्यगृहात ते आपण होतो. पटत नसेल तर खोडून काढ, पण सिनेमातली जागा दाखवून.

तेंडुलकरांच्याच 'घाशीराम कोतवाल' ला वेळ मिळाला तरच हात लाव. तिथे ब्राह्मणांची रांगच पडदा असते, पाठ फिरवली की भिंत, आणि 1976 च्या सिनेमात कॅमेऱ्याला त्या भिंतीच्या पलीकडे जायची मुभा आहे, पण यात शिरलीस तर वर्ष कमी पडेल. 'मॅकबेथ' वरून आलेला 'मकबूल' हा हिंदी सिनेमा पण सध्या बाजूला ठेव. चेटकिणींचे दोन पोलीस झाले हे सगळ्यांना दिसतं, त्यावर भरपूर लिहून झालंय.

अजून एक, आणि हे फार महत्त्वाचं आहे. यूट्यूबवर नाटकाचं रेकॉर्डिंग बघून ते म्हणजे मूळ नाटक असं धरू नकोस, तिथेही कुणीतरी कॅमेरा लावलाय, कधी जवळ जायचं ते ठरवलंय. आधी संहिता मोठ्यानं वाच, एकटीनं नको, दोन मैत्रिणींना घेऊन बस. मग सिनेमातला तो प्रसंग एकदा आवाज बंद करून बघ आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐक. आणि एक बोलत असताना पडद्यावर दुसरा कोण दिसतोय ते प्रत्येक कटला लिही, कारण नाट्यगृहात ते आपलं आपण ठरवतो, काहीजण अख्खं स्वगत काशीकरांकडे बघत काढतात.

पुण्यात लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हच्या लायब्ररीत जाऊन ये, जुने लेख, परीक्षणं काय मिळतात बघ. आणि रविवारी सकाळी घरी ये, 'शांतता' ची माझी ती तालमीची कॉपी काढून ठेवलीय. कडीच्या पानावर पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या पुसू नकोस.

तुझा,
सर