संगणकाने बुद्धिबळ सोडवलंय म्हणतात, मग मुलीला शिकवणीला घालून उपयोग काय?

घाला. आणि सोडवलेलं नाही. जिंकणं वेगळं, सोडवणं वेगळं (सोडवणं म्हणजे दोघं बिनचूक खेळले तर निकाल काय, हे पक्कं ठाऊक असणं), हे मी आमच्या दादाला, म्हणजे मामेभावाला, पंचवीस-एक वर्षं सांगतोय.

मे १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला सहा डावांत ३.५-२.५ ने हरवलं, तेव्हा दादा नुकताच इंजिनिअर झाला होता. मामा रोज जेवणानंतर पट मांडायचा. दादाने पेपर त्यावरच टाकला. "बाबा, आता आवरा. ते मशीन सेकंदाला २० कोटी स्थिती बघतं. तुम्ही किती बघता?" मामा म्हणाला, "दोन. फार तर तीन."

त्या दिवाळीत दादाने घरच्या संगणकावर बुद्धिबळ टाकलं. मामा ओळीने चार डाव हरला. मग त्याने स्वतःच एक स्थिती मांडली: सगळी प्यादी नाकाला नाक लावून अडकलेली, एक पट्टी मोकळी नाही, संगणकाकडे अख्खा हत्ती जास्त. संगणक स्वतःला किती पुढे समजतो तो पडद्यावरचा आकडा, अधिक पाच. "आता जिंक म्हणावं." मला म्हणाला, "तू राजा इकडून तिकडे हलवत बस," आणि चहा टाकायला गेला. हत्ती येरझाऱ्या घालत राहिला, आकडा पाचच. प्यादं न हलता, काही न मारता ५० चाली झाल्या, की नियमाने बरोबरी; तशी झाली. मामा चाली मोजतच नव्हता. आत शिरायला वाट नाही, एवढंच त्याने पाहिलं होतं. दादा म्हणाला, प्रोग्राम भिकार आहे.

क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९५० मध्ये बुद्धिबळाच्या शक्य डावांचा अंदाज बांधला, एकावर १२० शून्यं. चेकर्स हा सोंगट्यांचा पटावरचा खेळ २००७ मध्ये सुटला: दोघं बिनचूक खेळले तर बरोबरी. बुद्धिबळाचं पक्कं उत्तर पटावर राजे-प्यादी धरून सातपर्यंत मोहरी उरली असतील, तेवढ्यापुरतंच आहे. त्यातही, ५० चालींचा नियम बाजूला ठेवला तर, काही स्थितींत मात व्हायला पाचशेहून जास्त चाली लागतात, आणि त्यातली एकेक चाल का, हे ग्रँडमास्टरलाही सांगता येत नाही. तिथे मामाची नजर कामाची नाही. गुंतागुंत पटावर कमी आणि बघणाऱ्याच्या पद्धतीत जास्त असते, असं माझं मत.

हो, आजचं मोबाइलवरचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, घोडा कमी घेऊनही मामाला लोळवेल. आणि अशा कोंडलेल्या स्थितीत इंजिनं हल्ली पूर्वीइतकी फसत नाहीत.

शिकवणी कुठली ते तुम्ही बघा, पण सुरुवातीला इंजिन बंद ठेवायला सांगा. दादाचा मुलगा हल्ली ऑनलाइन खेळतो, डाव संपला की आधी आकडे बघतो. आजोबांची ती स्थिती त्याला मांडून दाखवलीस का, असं मी गणपतीत दादाला विचारलं. तो म्हणाला, मोदक घे.