चॅनेल मुलीचं, चावी कोणाची?

प्रश्न : माझी मुलगी वीस वर्षांची आहे, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांपासून ती नाचाच्या रील्स करते. स्टेप्स ती बसवते, चित्रीकरण आणि एडिटिंग तिचा वर्गमित्र करतो. फॉलोअर्स आता पावणेदोन लाखांवर गेलेत. एका टॅलेंट मॅनेजमेंट एजन्सीने तीन वर्षांचा करार पाठवलाय आणि शुक्रवारपर्यंत सही मागितली आहे. मुलगी म्हणते, कॉलेज सोडून पूर्णवेळ हेच करते. तिच्या वडिलांना हे खूळ वाटतं. मला खूळ वाटत नाही, पण भीती वाटते. मागच्या महिन्यात एका मोठ्या अकाउंटने तिची स्टेप नाव न देता उचलली आणि त्यावर तिच्या कितीतरी पट व्ह्यूज घेतले. दोन दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. यात खरंच करिअर आहे का? – एक आई

उत्तर : ताई, पत्रासोबत करार जोडलात हे फार बरं केलंत. माझा निम्मा दिवस त्या चौदा पानांतच गेला.

काही वर्षांपूर्वी अशी पत्रं आली की मी ‘आधी शिक्षण पूर्ण करा’ एवढं लिहून मोकळा होत असे. आता तसं लिहवत नाही. यातून घर चालवणारी माणसं आहेत, त्यांच्याकडे नोकरीला असलेली माणसंही आहेत. तेव्हा करिअर आहे. पण ते कोणाचं, हे त्या चौदा पानांवर अवलंबून आहे. ‘क्रिएटर’ हा शब्द ऐकला की वाटतं, जो निर्माण करतो तोच मालक असणार. बरेचदा तसं नसतं. म्हणून मी सगळा करार एकच प्रश्न डोक्यात ठेवून वाचला : हा संपेल त्या दिवशी मुलीच्या हातात काय उरेल?

याचं एक ठळक उदाहरण सांगतो. अमेरिकेत दोन शाळकरी मित्रांनी २००५ मध्ये ‘स्मॉश’ नावाचं विनोदी चॅनेल काढलं. यूट्यूबवर ते काही काळ सर्वाधिक सबस्क्रायबर असलेलं चॅनेल होतं. २०११ मध्ये त्यांनी ते एका कंपनीला विकलं. पुढे त्या कंपनीचं दुसरीत विलीनीकरण होऊन ‘डेफी मीडिया’ झाली. दोघांपैकी एक जण २०१७ मध्ये बाहेर पडला, कारण स्वतःच उभ्या केलेल्या चॅनेलवर आता त्याचं चालत नव्हतं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये डेफीने अचानक टाळं लावलं. तिच्याशी करार केलेल्या अनेक क्रिएटर्सचे जाहिरातींचे पैसे आधी कंपनीच्या खात्यात जात आणि मग त्यांच्याकडे येत. ते तिथेच अडकले. चॅनेल तिसऱ्या कंपनीकडे गेलं आणि शेवटी २०२३ मध्ये त्या दोघांनी त्याची बहुतांश मालकी परत विकत घेतली. स्वतःचं नाव स्वतःच विकत घ्यायला बारा वर्षं लागली, तीही यशस्वी माणसांना.

आता तुमच्या करारातली, माझ्या पेन्सिलीच्या खुणा पडलेली कलमं.

कलम ४ म्हणतं, मुलीचं सर्व उत्पन्न एजन्सीच्या खात्यात जमा होईल आणि तीस टक्के कापून उरलेलं साठ दिवसांत मिळेल. ‘सर्व’ या शब्दावर अडा. एजन्सीने आणलेल्या ब्रँड डीलवर कमिशन घेणं रास्त आहे. साधारण दहा ते वीस टक्के घेतात. पण प्लॅटफॉर्मकडून येणारे जाहिरातीचे पैसे, मुलीने स्वतः मिळवलेलं काम, उद्या तिने नाचाचा वर्ग काढला तर त्याची फी, यात त्यांचा वाटा कशासाठी? आणि पैसे आधी त्यांच्याकडेच का? डेफीची गोष्ट मी याच कलमासाठी सांगितली.

कलम ७ सगळ्यात वाईट आहे. करारकाळात तयार झालेला प्रत्येक व्हिडिओ आणि नृत्यरचना एजन्सीच्या मालकीची, जगभर, कायमची. त्यातच पोटात दडवल्यासारखी एक ओळ आहे : मुलीचा चेहरा, आवाज आणि हालचाली वापरून ‘कोणत्याही तंत्रज्ञानाने’ नवीन सामग्री तयार करण्याचा अधिकार. कृत्रिम बुद्धिमत्तेने तिची प्रतिकृती नाचवायची आणि तिला विचारायचंही नाही, असा याचा अर्थ होऊ शकतो. करार तीन वर्षांचा, हे मात्र कायमचं. मॅनेजमेंटच्या कामासाठी एजन्सीला मालकी लागतच नाही. ठरावीक कामापुरता, ठरावीक मुदतीचा वापराचा परवाना पुरतो. हे कलम तसंच राहणार असेल तर बाकीच्या घासाघिशीला अर्थ नाही, उठून यावं.

कलम ९ मध्ये अकाउंटचा लॉगिन त्यांच्या ताब्यात आणि कलम ११ मध्ये मुलीचं रंगमंचीय नाव ट्रेडमार्क म्हणून त्यांच्या नावावर. पोस्ट टाकायला मदत हवी असेल तर मर्यादित अधिकार देता येतात, मूळ पासवर्ड लागत नाही. नावाबद्दल मी काय लिहू? तुम्ही ठेवलेलं नाव आहे.

एजन्सीपासून वाचलो म्हणजे सुटलो असंही नाही. प्लॅटफॉर्मच्या अटी वाचल्या तर तिथे ठळक लिहिलेलं असतं की तुमच्या सामग्रीचे मालक तुम्हीच. ते खरं आहे. त्याच अटींत आपण त्यांना ती दाखवण्याचा, रूपांतर करण्याचा, पुढे इतरांना देण्याचाही परवाना विनामोबदला देतो. व्हिडिओ आपला, पण अकाउंट त्यांच्या मर्जीवर आणि फॉलोअर्स तर उचलून दुसरीकडे नेताच येत नाहीत. १६ जानेवारी २०१८ ला यूट्यूबने जाहीर केलं की जाहिरातीतला वाटा हवा तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं प्रेक्षण हवं. आधी एकूण दहा हजार व्ह्यूज पुरत होते. महिन्याभरात असंख्य लहान चॅनेलं कमाईतून बाहेर गेली. ना वाटाघाट, ना अपील. आजही लांब व्हिडिओच्या जाहिरातींतून क्रिएटरला ५५ टक्के आणि शॉर्ट्सच्या वाटणीत ४५ टक्के मिळतात. हे आकडे कंपनी ठरवते.

मोठ्यांचं तरी चालतं का? सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं ‘व्हाइन’ आठवतंय का पाहा, मुलीला नसेल आठवत. २०१५ मध्ये तिथल्या अठरा-एक नामांकित मंडळींनी एकत्र येऊन कंपनीपुढे प्रस्ताव ठेवला : प्रत्येकी बारा लाख डॉलर द्या, आम्ही दरमहा ठरलेले व्हिडिओ देऊ. कंपनीने नकार दिला, मंडळी दुसरीकडे गेली. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये व्हाइन बंद करण्याची घोषणा झाली. कंपनीचं क्रिएटर्सवाचून अडलं, हे खरं. पण ज्यांनी फक्त तिथेच प्रेक्षक जमवला होता त्यांचाही प्रेक्षक बुडाला.

आता पुढचं मुलीला वाचायला द्या.

तुझी स्टेप गेली, त्याचा राग योग्यच आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जलाया हार्मन या चौदा वर्षांच्या मुलीने ‘रेनेगेड’ हा नाच बसवून टाकला. दुसऱ्यांनी तो टिकटॉकवर नेला, जगभर झाला आणि श्रेय मिळालं ते तिथे आधीच प्रसिद्ध असलेल्या गोऱ्या मुलींना. जलाया कृष्णवर्णीय. २०२० च्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने खरी रचनाकार कोण ते छापलं, तेव्हा तिला मंच मिळाला. पुढच्याच वर्षी तिथल्या अनेक कृष्णवर्णीय नर्तकांनी एका गाजणाऱ्या नव्या गाण्यावर नाच बसवायचाच नाही असं ठरवलं, म्हणजे संप केला. नवी चाल कुठून येते आणि पैसा कुठे जातो, हे लोकांना त्यातून दिसलं.

कायद्याचं काय म्हणशील, तर एकेका सुट्या स्टेपला सहसा संरक्षण मिळत नाही. सलग बसवलेल्या रचनेला मिळू शकतं. काइल हानागामी या नृत्यदिग्दर्शकाने आपल्या रचनेचा तुकडा व्हिडिओ गेममध्ये वापरल्याबद्दल एपिक गेम्सवर दावा लावला. खालच्या न्यायालयाने तो फेटाळला, पण २०२३ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा जिवंत केला. म्हणून तू रचना अख्खी चित्रित करून ठेव, तारखेसकट, एडिट न केलेली. रील त्यातूनच काप. आणि ‘स्टेप माझी’ हे पहिल्याच पोस्टमध्ये लिही. गेल्या महिन्यात तू ते चार दिवसांनी लिहिलंस, तोवर लोकांनी पान उलटलं होतं. एक विचारतो, रागावू नकोस : तुझ्या पहिल्या वर्षीच्या रील्समध्ये तू कोणाकोणाच्या स्टेप्स घेतल्यास आणि किती जणांची नावं दिलीस?

तुझ्या मित्राबद्दल पत्रात एकच वाक्य आहे आणि करारात तर तो कुठेच नाही. दोन वर्षं कॅमेरा आणि एडिटिंग त्याचं. तो नोकर नव्हता, तेव्हा व्हिडिओंवर त्याचा हक्क निघू शकतो आणि न निघाला तरी काम त्याने केलंच आहे. मोठ्या अकाउंटने तुझ्याशी जे केलं तेच तुझ्याकडून त्याच्याशी नकळत होतंय. दोघं बसा, एका पानावर लिहा : कोणाचं काय, पैसे कसे वाटायचे, एकाने सोडलं तर काय. सह्या करा. एजन्सीचा विषय त्यानंतर.

ताई, कॉलेजचं थोडक्यात सांगतो. अजून दीड वर्ष आहे आणि आतापर्यंतचं सगळं कॉलेज सांभाळूनच झालंय, तेव्हा आत्ता सोडण्याचं कारण मला दिसत नाही. महिन्याचं उत्पन्न सलग वर्षभर, एकाहून जास्त ठिकाणांहून येऊ लागलं तर मला पुन्हा लिहा, तेव्हा माझं मत बदलू शकेल. तिच्या वडिलांना हिशेबाच्या वहीत ओढा. खूळ म्हणणारा माणूस इन्व्हॉइस लिहायला बसला की बरेच प्रश्न नेमके विचारतो.

शुक्रवारी सही करू नका. कॉपीराइट समजणाऱ्या वकिलाला करार दाखवतो आहोत, पंधरा दिवस लागतील, एवढंच कळवा. चांगली एजन्सी थांबते.

आणि एक काम त्याआधीचं. अकाउंट मित्राच्या कुठल्या तरी जुन्या ईमेलवर उघडलंय, असं तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलंय. त्या ईमेलचा पासवर्ड त्याला अजून आठवतो का, ते आज रात्रीच विचारायला सांगा.