ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स गेलाय. घरच्या घरी मॅन्युअल करता येईल का?

येते. मी केली आहे, सोलापुरात, विडी घरकुलातल्या आमच्या अंगणात, ऐन मे महिन्यात. पण तुमची गाडी एएमटी असेल तर हा नाद सोडा. तिच्यात आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं ॲक्च्युएटर करतो. तो दुरुस्त करून घ्या.

आमची जुनी, तीन गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी) होती. अशा गाडीला नुसता गिअरबॉक्स आणून भागत नाही. त्याच मॉडेलची भंगारात निघालेली मॅन्युअल गाडी गाठा आणि तिचं सगळं उचला: फ्लायव्हील, क्लच, पेडलचा अख्खा सेट, गिअर लिव्हर, दोन्ही एक्सल, माउंटिंग, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर). मी गिअरबॉक्स कुर्ल्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून आणला आणि एक्सल जुनेच बसतील असं धरून चाललो. डावा बसलाच नाही. त्यासाठी पुन्हा मुंबई.

बोनेटखाली आडवा लोखंडी पाइप टाकून इंजिन साखळीनं टांगलं आणि जुना गिअरबॉक्स खाली घेतला. ऑटोमॅटिकच्या क्रँकला पत्र्यासारखी पातळ फ्लेक्स प्लेट असते, मॅन्युअलचा फ्लायव्हील जाड, म्हणून बोल्टही लांब लागतात. मी जुनेच लावले होते. शेजारच्या मिस्त्रीनं पाहिलं, दोन-तीन आट्यांवरच धरलेले. तसेच राहिले असते तर फ्लायव्हील सुटून पायात आला असता. क्लचच्या केबलचं भोक मात्र फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) कंपनीतूनच पाडलेलं होतं, रबरी बूच काढलं की झालं. रेडिएटरला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाच्या दोन नळ्या येतात, त्या बंद करायला विसरू नका.

सगळं जोडलं तर गाडी सेल्फच घेईना. ऑटोमॅटिकला लिव्हर 'पी' किंवा 'एन'वर असल्याशिवाय सेल्फ मिळत नाही, तो स्विच आता नव्हताच. मी दोन वायरी एकत्र केल्या. संध्याकाळी गाडी गिअरमध्ये असताना चावी फिरवली, ती उडी मारून थेट तुळशी वृंदावनावर. अण्णा हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसले होते. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागणार नाही असा स्विच त्याच रात्री बसवला. तुम्ही तो आधी बसवा.

गाडी अण्णांचीच होती. ४० वर्षं यंत्रमागावर उभं राहून त्यांचा डावा गुडघा गेला, म्हणून आम्ही जुन्यातली ऑटोमॅटिक घेतली होती. डाव्या पायाला कामच नाही. दर गुरुवारी ते एकटे अक्कलकोटला जाऊन यायचे. मग एका उन्हाळ्यात दुसरा गिअर पडेना, तेल काढलं तर काळं, जळका वास. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की ऑटोमॅटिकचं तेल बदलायचं नसतं, आणि आम्ही ते खरं मानलं. तसं काही नसतं. तेल बदलावंच लागतं, सोलापूरच्या उन्हात तर जास्तच.

दादा म्हणाला, मॅन्युअल करून टाक, अण्णा आता कुठं चालवतात. मला काम करून बघायचं होतं, मी हो म्हणालो. पुण्यात एखाद्या ऑटोमॅटिकवाल्याला गिअरबॉक्स उघडून दाखवावा, क्लच प्लेटांचा आणि सीलचा किट टाकून चालतो का बघावं, हे दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. गाडी झकास झाली. तुळजापूरचा घाट तिसऱ्यात चढते, सहा वर्षांत क्लच एकदाच बदललाय. त्या कामाचा मला अभिमान आहे, आजही आहे.

पण अण्णा एकदा बसले, क्लच दाबला, सोडला आणि उतरले. "चांगलं केलंस," म्हणाले. पुन्हा त्या सीटवर बसले नाहीत. अक्कलकोटला एसटीनं जाऊ लागले. दादा अजून म्हणतो, त्यांनी वयामुळं सोडली. चूक आहे. बंद पडायच्या आधीच्या गुरुवारीसुद्धा ते गाडी घेऊन गेले होते. वय एका आठवड्यात येत नाही.

कायद्याचं राहिलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदी कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाहीत असा फेरफार चालत नाही, आणि बऱ्याच आरसीवर व्हेरियंटच्या नावातच ऑटोमॅटिक असतं. आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. मी दोन्ही नंतर केलं, ते बरोबर नव्हतं. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी सोय) असलेली गाडी असेल तर ईसीएम आणि चावी जोडीनंच घ्या.

तुमच्या घरी ही गाडी आणखी कोण चालवतं, ते प्रश्नात नाही. तेवढं लिहा, सोबत मॉडेल आणि साल, म्हणजे एक्सलचं सांगतो.