साचा, दोनशे गोळ्या आणि न्हावा शेवाला निघालेला खोका

प्रश्न: वकील मॅडम, आम्ही बारा वर्षं पेन्सिल्व्हेनियात आहोत, आता कायमचे कोल्हापूरला परत येतोय. इथे मला ठासणीच्या बंदुकीचा नाद लागला. माझ्याकडे इटलीत बनलेली जुन्या धर्तीची चकमकीची रायफल आहे, पन्नास कॅलिबरची, आणि गोळ्या मी स्वतः शिसं वितळवून ओततो. गेल्या शनिवारी पॅकरवाले कंटेनरचं सामान घेऊन गेले त्यात साचा, पळी आणि दोनशेएक गोळ्या गेल्या. रायफल अजून घरीच आहे. इथे ह्या कशालाच लायसन्स लागत नाही, आणि भारतातही जुन्या पद्धतीच्या हत्यारांना सूट आहे असं वाचलं. आजऱ्याकडे काकांची पीक संरक्षणाची ठासणीची बंदूक आहे, रीतसर लायसन्सची, गोळ्या त्यांना द्यायचा विचार होता. काही अडचण येईल का?

उत्तर: येईल. आधी पॅकरला मेल करा आणि मग पुढचं वाचा, खरंच सांगते. खोका अजून त्यांच्या गोदामात असेल तर तो बाहेर काढून घ्या, सामानाची यादी दुरुस्त करून घ्या आणि "अमुक खोका काढला" असं त्यांच्याकडून लेखी घ्या.

तुम्ही तिथे काही चुकीचं केलेलं नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमध्ये 'फायरआर्म'च्या व्याख्येतून 'अँटिक' वगळलंय, आणि त्या अँटिकमध्ये नुसती १८९८ पर्यंतची खरी जुनी बंदूक येत नाही, तर बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणारी आणि तयार काडतूस न घेणारी आजची ठासणीची रायफलसुद्धा येते. म्हणून तुम्हाला ती ऑर्डर करून घरपोच मिळाली. राज्याराज्यात फरक आहेत पण फेडरल कायद्यापुरतं तुमचं म्हणणं बरोबर.

आता तीच वस्तू आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमासमोर ठेवा. कलम २ मध्ये फायरआर्म म्हणजे स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कसल्याही ऊर्जेच्या जोरावर गोळी फेकणारं कुठलंही हत्यार. दारू तोंडाकडून ठासता की काडतूस मागून भरता हे त्या व्याख्येत कोणी विचारतच नाही. तुम्ही वाचलेली सूट कलम ४५(क) मध्ये आहे, जुनाट धर्तीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं हत्यार, पण लोक वाक्य अर्ध्यातच सोडतात. पुढे लिहिलंय की ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही, बंदूक म्हणून वापरता येण्यासारखं नसलं पाहिजे. भिंतीवर टांगलेली, नळी गंजून बुजलेली पणजोबांची बंदूक असेल तर ह्या सूटवर भांडता येतं. तुमची रायफल चालते, आणि पेन्सिल्व्हेनियात नाताळानंतर चकमकीच्या बंदुकांचा हरणांचा सीझन असतो त्यात तुम्ही ती घेऊन गेला होतात असं तुम्हीच मेलमध्ये लिहिलंय.

तुमचा खरा प्रश्न गोळ्यांचा, आणि वकील म्हणून मला तोच जास्त रस घेऊन बघावासा वाटला. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात गोळ्या स्वच्छ आहेत, साच्याच्या तोंडाशी राहिलेली शेपटी छाटल्याची चपटी खूण प्रत्येकीवर दिसते, आणि तुम्ही लिहिलंय की साचा तापेपर्यंतच्या पहिल्या पाच-सहा सुरकुतलेल्या निघतात त्या परत भांड्यात टाकता, आणि शिसं नखाने ओरखडा पडेल इतकं मऊ लागतं, गाडीच्या चाकाच्या वजनांचं कडक शिसं चालत नाही. तुमच्या दृष्टीने ही निव्वळ ओतीव शिशाची मणीमाळ, ना दारू, ना ती पेटवणारी टोपी. पण आपल्या कायद्यात 'दारूगोळा' म्हणजे कुठल्याही फायरआर्मचा दारूगोळा, आणि त्याचे सुटे भाग, आणि, इथे नीट बघा, तो बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा. दोन खाचांचा अ‍ॅल्युमिनियमचा साचा ही 'यंत्रसामग्री' आहे का ह्यावर मी कोर्टात तासभर बोलू शकते, पण ते बोलायची वेळ तुमच्यावर का आणायची? न्हावा शेवाला खोका उघडणारा कस्टम्सचा माणूस माझा युक्तिवाद ऐकायला थांबणार नाही, तो पंचनामा करेल.

दुसरी सूट कलम ४५(ड) ची. किरकोळ सुटे भाग जवळ बाळगले तर कायदा लागू नाही, अट एवढीच की ते पूरक भागांबरोबर वापरायचा हेतू नको, आणि ते पूरक भाग तुमच्याकडे असोत की दुसऱ्या कोणाकडे. म्हणजे नुसत्या आठवणीसाठी दोन गोळ्या ठेवल्या असत्या तर हे कलम तुमच्या बाजूने होतं, पण काकांच्या बंदुकीसाठी आणताय म्हणालात तिथेच ते हातातून गेलं. शिवाय काकांची नळी तुमच्या रायफलच्या मापाची असेल असंही धरू नका, माप जुळलं नाही तर गोळी सैल तरी बसेल नाहीतर अर्ध्यात अडकेल.

काकांचं लायसन्स मात्र भक्कम आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी तर परवाना द्यावा असं कलम १३ मध्ये चक्क लिहिलंय. पण लायसन्स बंदूक बाळगायचं, घरी दारूगोळा तयार करायचं नाही. कलम ५ मध्ये 'तयार करणे' ह्या शब्दापुढे 'विकण्यासाठी' असं काही नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या कलमाच्या भंगाला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. गावात पूर्वापार सगळे ओततात हे मलाही माहीत आहे, माझं माहेर त्याच बाजूचं. तरी काकांना सांगा, लायसन्सवर काय लिहिलंय ते बघा आणि शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. आणि शेतात रानडुक्कर आलं म्हणून लायसन्सच्या बंदुकीने मारता येतं असंही नाही, त्याला वन विभागाची परवानगी वेगळी.

विनापरवाना दारूगोळा बाळगला किंवा देशात आणला तर कलम २५(१ब), दोन ते पाच वर्षं. बॅगेत चुकून राहिलेल्या एखाद्या काडतुसाच्या केसेस कोर्टांनी रद्द केल्यात, कारण सुप्रीम कोर्टाच्या १९७२ च्या गुणवंतलाल निकालापासून जाणीवपूर्वक ताबा दिसावा लागतो. तुमच्या पॅकिंग लिस्टवर तुमच्याच अक्षरात "हॉबी, लेड बॉल्स, २००" आहे. चुकून कसं म्हणणार?

रायफल आणायचीच असेल तर रस्ता आहे. कायमचं राहायला परत येणाऱ्याला परवानगी असलेल्या बोअरची, म्हणजे नळीच्या मापाची, एक बंदूक आणता येते, परदेशात किमान एक वर्ष ताब्यात आणि वापरात असलेली, ड्युटी भरून, आणि हयातभर ती विकायची किंवा कोणाला द्यायची नाही. पण भारतातलं लायसन्स आधी हातात हवं. गंमत म्हणजे तिथे लायसन्स लागलं नाही म्हणून ताब्याचा सरकारी कागदही तुमच्याकडे नाही, तेव्हा खरेदीचं बिल शोधून ठेवा. लायसन्स येईपर्यंत रायफल, साचा, गोळ्या क्लबातल्या खात्रीच्या मित्राकडे कागद करून ठेवा. उरलेली बंदुकीची दारू तर त्यालाच देऊन टाका, ती विमानात ना हँडबॅगेत चालते ना चेक-इनमध्ये, आणि कंटेनरमध्ये न सांगता टाकणं म्हणजे कमाल झाली.

कंटेनर सुटला असेल तर गप्प बसू नका. क्लिअरिंग एजंटला आजच सांगा, तपासणीआधी कस्टम्सला स्वतःहून लेखी कळवायचंय, तो अर्ज मी बघून देते. पॅकरचं उत्तर जे येईल ते जसंच्या तसं मला फॉरवर्ड करा.