डेटिंग ॲपवर पहिल्यांदाच प्रोफाइल बनवतोयस ना?
मित्राच्या थारला टेकून काढलेला फोटो आधी उडव. पहिल्या भेटीला रिक्षातून उतरलास की पंचाईत. हिंज ॲपवर सहा फोटो आणि तीन छोटी उत्तरं, एवढीच जागा; तिथे पॅकेज, परदेशवारी आणि जिम कोंबलंस तर समोरचीने बोलायचं कशावर? ‘रविवारी मंडईतून भाजी आणतो, पण घासाघीस जमत नाही’ असलं काहीतरी लिही, लगेच विषय निघतो. टिंडर पूर्वी माणसांना आतल्या आत गुण द्यायचं. ती पद्धत सोडल्याचं त्यांनीच २०१९ मध्ये सांगितलं. तरी मॅच कमी आले की पोरं खचतात (आणि नवा आयफोन घेतात!). आणि घरच्यांनी बायोडेटात ‘स्वतःचा फ्लॅट’ लिहिलं असेल, तर त्याचा हप्ता किती, हे दुसऱ्या भेटीतच सांगून टाक.