आरव्ही किती फुटी घ्यावी? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुलैमध्ये आई-बाबा पुण्याहून येताहेत. ते दोघं, आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी असे पाच जण सॅन होजेहून योसेमिटी आणि सेक्वोया ही कॅलिफोर्नियातली दोन नॅशनल पार्क करणार आहोत. भाड्याची आरव्ही (झोपण्या-जेवण्याची सोय असलेली, चाकांवरचं घर म्हणावं अशी गाडी) 25 फुटी घ्यावी की 30 फुटी?

उत्तर : 25 फुटी. योसेमिटीत 30 फुटीही चालेल, अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये 35 फुटांपर्यंतची आरव्ही घेतात. अडचण सेक्वोयाची आहे. थ्री रिव्हर्सकडून जनरल्स हायवेने चढताना पॉटविशा ते जायंट फॉरेस्ट हा टप्पा इतका वळणांचा आहे, की 22 फुटांपेक्षा लांब गाडी तिथे आणू नका असं पार्कच सांगतं. म्हणून 25 फुटी घेतली तरी फ्रेस्नोहून 180 नंबरच्या रस्त्याने, शेजारच्या किंग्ज कॅन्यन पार्कच्या बाजूने आत जा आणि तसेच परत या. फोनमधला नकाशा परतीला थ्री रिव्हर्सच्या बाजूला, 198 नंबरच्या रस्त्याकडे उतरवायला बघेल, त्याचं ऐकू नका.

आता झोपण्याचं. जाहिरातीत पाच माणसं लिहिली असली तरी पाचही जागा सारख्या नसतात. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर शिडीने चढावं लागतं आणि वर ताठ बसता येत नाही. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला तो देऊ नये. तिथे तुम्ही दोघं झोपा, मागचा पलंग आई-बाबांना, आणि जेवणाचं टेबल खाली करून होणारा बिछाना मुलीला. मात्र मागचा पलंग कोपऱ्यात भिंतीला चिकटलेला असेल तर आतल्याला दुसऱ्याच्या अंगावरून बाहेर यावं लागतं. दोन्ही बाजूंनी उतरता येतं का, हे बुकिंगच्या आधी आराखड्यात बघा. पलंगांबरोबर सीटबेल्टही मोजा. मुलीची बूस्टर सीट पुढे तोंड असलेल्या जागेवरच लावायची, आडव्या सोफ्यावर नाही.

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो, घरात दोघंच. शनिवार-रविवारच्या फिरण्यासाठी गाडी विकत घ्यायची आहे. ड्राइव्हवे 24 फूट लांब आहे. 24 फुटी बसेल ना?

उत्तर : कागदावर बसेल. पण मागे सायकलींचा रॅक लावलात की ती फुटपाथवर येईल, आणि फुटपाथ अडवला की तक्रार ठरलेली. दोघांसाठी 21 फुटी व्हॅन (व्हॅनमध्येच बसवलेली छोटी आरव्ही) पुरते. त्याआधी आपल्या टाउनशिपचा आणि घरमालकांच्या असोसिएशनचा नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी घरासमोर आरव्ही उभी करायला मनाई असते.

व्हॅन छोटी म्हणून कुठेही जाईल, असं मात्र समजू नका. छतावरच्या एसीसकट ती नऊ फुटांच्या वर जाते. घरच्या सात फुटी गॅरेजमध्ये ती शिरणार नाही, आणि कनेटिकटच्या मेरिट पार्कवे या रस्त्यावर उंचीला आठ फुटांची मर्यादा आहे. बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांत 10 पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची (आरव्हीतल्या स्वयंपाकाच्या गॅसची) टाकी नेता येत नाही. व्हॉल्व्ह बंद केला तरी नियम तोच. पूर्वी लोक तिथल्या फ्रान्सिस स्कॉट की ब्रिजवरून वळसा घालायचे. तो मार्च 2024 मध्ये कोसळल्यापासून शहराभोवतीच्या 695 नंबरच्या रस्त्याच्या पश्चिमेकडून फिरून जावं लागतं.

आणखी एक : लांबी सारखी असली तरी भार पेलण्याची ताकद सारखी नसते. माणसं आणि सामान मिळून किती चालेल, ते पिवळ्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पाणी गॅलनला साधारण 8.3 पौंड भरतं, म्हणजे 30 गॅलनची टाकी भरली की 250 पौंड तिथेच गेले.

प्रश्न : दुकानाच्या पार्किंगमध्ये 25 फुटी कशी लावायची? मागच्या वेळी निघताना शेजारच्या गाडीला घासली.

उत्तर : घासला तो शेपटाचा भाग. मागच्या चाकांच्या मागे जवळजवळ आठ फूट बॉडी असते. डावीकडे वळलात की ती उजवीकडे झोकते. जागेतून बाहेर पडताना शेपूट शेजारच्या गाडीच्या पुढे निघेपर्यंत सरळ चला, मगच स्टिअरिंग फिरवा.

याच शेपटाचा फायदाही होतो. मागे गवताची पट्टी असलेली कडेची जागा निवडा, रिव्हर्स घ्या आणि मागची चाकं गवताच्या कडेच्या बुटक्या कठड्याच्या (कर्बच्या) अलीकडे थांबवा. शेपूट गवतावर, उरलेले सतरा फूट साधारण अठरा फुटी जागेत. आधी खाली उतरून मागे खांब, पाटी, झाड नाही ना ते बघा, आणि कठड्याची उंचीही. सांडपाण्याचा पाइप आणि हिच (मागे काही जोडायचा लोखंडी आकडा) सगळ्यात खाली लोंबतात, आपटतात तेच. रुंदीला मात्र इलाज नाही. आरसे धरून गाडी दहा फुटांच्या आसपास जाते आणि जागा असते नऊ फुटांची. दुकानाच्या दारापासून लांब, शेजार रिकामा असेल तिथेच लावा.